खुबा पूर्ण बदलायचा की रिसरफेसिंग करायचं?

जांघेत सतत दुखतंय, मोजे घालायला वाकवत नाही, रात्री कूस बदलताना जाग येते आणि एक्स-रेत खुब्याच्या सांध्यातली फट जवळपास संपलेली दिसते. वय पन्नाशीच्या आसपास, आणि पळणं किंवा ट्रेक सोडायची मनाची अजिबात तयारी नाही. औषधं आणि फिजिओथेरपी करून झाली असेल, तर आता निवड दोन शस्त्रक्रियांमध्ये आहे.

रिसरफेसिंगमध्ये मांडीच्या हाडाचा गोल माथा कापत नाहीत. तो घासून त्यावर धातूची टोपी बसवतात आणि तो ज्यात फिरतो त्या कमरेच्या हाडातल्या वाटीतही धातूच बसवतात. पूर्ण बदलात माथा काढून हाडाच्या पोकळीत दांडा ठोकतात, त्यावर सिरॅमिकचा किंवा धातूचा गोळा बसवतात. वाटीला आतून बहुधा खास प्लास्टिकचं अस्तर असतं.

रिसरफेसिंगचं नाव झालं ते टेनिसमुळे. अँडी मरेनं जानेवारी २०१९ मध्ये लंडनला ते करून घेतलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची एकेरी स्पर्धा जिंकली. हाड शिल्लक राहतं, त्यामुळे पुढे गरज पडलीच तर पूर्ण बदल करणं सोपं जातं. गोळा जवळपास नैसर्गिक आकाराचा असल्यानं सांधा निखळण्याची भीतीही कमी. पळणाऱ्याला हे सगळं मोहात पाडणारंच आहे.

पण मरेचा खुबा म्हणजे तुमचा खुबा नव्हे. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरतात, क्वचित आजूबाजूचे स्नायूही खराब होतात. लहान मापाच्या, म्हणजे बहुधा स्त्रियांना लागणाऱ्या, सांध्यांत हा त्रास जास्त दिसला, म्हणून रिसरफेसिंगचा ‘बर्मिंगहॅम’ सांधा २०१५ पासून स्त्रियांसाठी वापरू नये असं खुद्द उत्पादकानंच सांगितलं. सिरॅमिकचं रिसरफेसिंग आलंय, पण त्याला अजून वीस वर्षांचा अनुभव नाही. शिवाय पहिल्या काही महिन्यांत टोपीखालचं हाड मोडू शकतं. आपल्याकडे तरुण वयात खुबा जातो तो बऱ्याचदा रक्तपुरवठा बंद पडून, म्हणजे एव्हीएनमुळे. स्टेरॉइड आणि दारू ही त्याची मोठी कारणं. माथ्याचा मोठा भाग मेला असेल, तर टोपी बसवायची कशावर?

पूर्ण बदलाच्या बाजूनं बोलतो तो काळ. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात, आणि त्यात जुन्या प्लास्टिकचे सांधेही आहेत. पोहणं, सायकल, चढण यांना सहसा आडकाठी नसते. रोजच्या पळण्याला मात्र बरेच सर्जन नाखूश असतात. मांडी घालणं, उकिडवं बसणं सुरुवातीला बंद. पुढे किती जमेल, हे शस्त्रक्रिया पुढून केली की मागून यावरही ठरतं.

माझं मत स्पष्ट आहे: दणकट हाडाचा, साठीच्या आतला, संधिवातानं सांधा झिजलेला आणि पळण्यावाचून राहू न शकणारा पुरुष असेल तरच रिसरफेसिंगचा विचार करावा, तोही ही शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या सर्जनकडे. बाकी बहुतेकांनी पूर्ण बदल निवडावा.

कुठलीही निवडा, पण बसवलेल्या सांध्याचं नाव आणि क्रमांक असलेले स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू कंपनीनं धातूवर धातू घासणारे आपले एएसआर सांधे जगभरातून परत मागवले, तेव्हा भारतात ते बसवलेल्या हजारो रुग्णांचा पत्ताच लागला नाही. नुकसानभरपाई सोडाच, रक्ततपासणी करून घ्या हेसुद्धा त्यांना कुणी कळवू शकलं नाही.