प्रत्यारोपणानंतर वाढलेलं वजन: आहार, इंजेक्शन की स्लीव्ह?

दादाला यकृताचा भाग दिला तेव्हा माझ्या यकृतात चरबी नाही, याची खात्री करूनच डॉक्टरांनी होकार दिला होता. दीड वर्षाने त्याच्या सोनोग्राफीत त्याच यकृतावर चरबी दिसली आणि मला रडूच कोसळलं. घरी आला तेव्हा तो ६४ किलो होता. आई रोज तुपातला शिरा करायची, 'अंग भरतंय' म्हणून शेजारच्या काकूही खूश व्हायच्या. काटा ८६ वर गेला. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३०, आपल्याकडे २५ पासूनच लठ्ठपणा धरतात. स्टेरॉइडने खवळणारी भूक, नवं यकृत शरीराने नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसने चढणारी साखर, वर बसून राहणं. मूळ आजार फॅटी लिव्हरचा असेल, तर चरबी नव्या यकृतातही परतते.

आता काय करायचं, हे ठरवताना किती किलो उतरतील एवढंच पाहू नका. टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, स्नायू आणि किडनी यांचं काय होईल, तेही विचारा.

आहार-व्यायामात औषधाच्या पातळीला धक्का लागत नाही आणि स्नायू टिकतात. वजन ७ ते १० टक्के उतरलं तर यकृताची सूजही कमी होऊ शकते. दादासाठी म्हणजे ६ ते साडेआठ किलो. पण हे हळू होतं आणि सगळ्या घराला बदलावं लागतं. आमच्याकडे भात निम्मा झाला, वरण घट्ट झालं, अंडी आणि उसळ वाढली. मोड आलेली मटकी कच्ची मात्र नको, संसर्गाची भीती असते. पपनस नको, त्याने टॅक्रोलिमस रक्तात वाढू शकतं. गुळवेलीचा काढा आणि वजन उतरवायच्या पावडरी तर घरातच आणू नका. गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनीच नोंदवलेत.

सेमाग्लुटाइडच्या इंजेक्शनने वजन जास्त उतरतं, साखरही आटोक्यात येते. वेगोव्ही, म्हणजे वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, भारतात जून २०२५ मध्ये आलं. त्याच वर्षी अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या सूज-फायब्रोसिससाठी (यकृतात व्रणासारखे कडक तंतू साचणं) त्याला मान्यता मिळाली, पण ती प्रत्यारोपण झालेल्यांवरच्या अभ्यासातून नव्हे. जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून सुरुवातीला आणि डोस वाढवताना टॅक्रोलिमसची पातळी तपासायलाच हवी. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. टॅक्रोलिमसमुळे किडनीवर आधीच ताण असतो. प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात. बंद केलं की बरंचसं वजन परत येतं, म्हणजे खर्च लांबचा धरा.

स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून ते अरुंद नळीसारखं करतात; तिचा परिणाम मोठा आणि टिकाऊ. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने निवडक रुग्णांत ती प्रत्यारोपणासोबतच केली आहे. आतड्याचा काही भाग वगळणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेपेक्षा स्लीव्ह बरी, कारण पित्तनलिकेत अडथळा आला तर एंडोस्कोपीची नेहमीची वाट उघडी राहते आणि औषधांचं शोषणही कमी बिघडतं. पण जुन्या टाक्यांखाली आतडी चिकटलेली असतात, प्रतिकारशक्ती दाबलेली असते. गळती किंवा संसर्ग झाला तर जड जातं. बीएमआय ३५ च्या वर, सोबत मधुमेह आणि बाकीचं करून झालेलं असेल तरच मी हा विचार करेन. तोही प्रत्यारोपणाची टीम सोबत असेल तिथेच.

दादाने पहिला मार्ग धरलाय. संध्याकाळी आम्ही दोघं पाऊण तास चालतो आणि आठच्या गोळीच्या आत घरी येतो. आज काटा ८१ वर आहे. पुढच्या भेटीत फायब्रोस्कॅनचा (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) आकडा पाहून इंजेक्शनचं ठरवू.