जुनी पिकअप घेताय? गिअरबॉक्स रिकाम्या गाडीत कळत नाही

चाकणच्या अलीकडं हायवेला लागून एक यार्ड आहे, जुन्या कमर्शियल गाड्यांचं. 2024 च्या उन्हाळ्यात मी आणि माझ्या चुलतभावानं तिथून एक पिकअप घेतली. 2018 चं मॉडेल, 4 लाख 85 हजारांना. यार्डाचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. पण गिअरबॉक्सचं दुखणं कसं लपवतात हे सांगायला कुणाची हरकत नाही. आमच्या ओतूर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोचा सीझन आला की जुन्या पिकअपला मागणी वाढते, आणि तेव्हाच हे प्रकार जास्त चालतात.

गाडी बघायला जाताना मेकॅनिक बरोबर होता. हे आधीच सांगतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. आळेफाट्याचा आमच्या ओळखीचा माणूस, बरीच वर्षं पिकअपच खोलतोय. त्यानं ऑइलचं झाकण काढून धूर बघितला, चासीला कुठं वेल्डिंग मारलंय का बघितलं, पाटे बघितले, टायर बघितले. इंजिन खरंच चांगलं होतं. यार्डवालाही सारखा इंजिनाबद्दलच बोलत होता. "दादा, एकहाती गाडी आहे. एजन्सीला होती, नुसती बिस्किटं वाहिलीत. इंजिनाला अजून पाना लागलेला नाही." इंजिनाला पाना लागला नव्हता हे खरं होतं. बाकीचं त्यानं न विचारताच सांगितलं होतं.

ट्रायलची पद्धत नीट ऐका, कारण सगळी मेख तिथंच होती. आम्ही पोहोचलो दुपारी. गाडी गरम होती. "आत्ताच गिऱ्हाईक फिरवून आलं," म्हणाला. यार्डाच्या गेटातून गाडी त्यांच्या पोरानं बाहेर काढली, "इथं कट अवघड आहे" म्हणून. पहिला, दुसरा, तिसरा त्यानंच टाकला आणि चौथ्यावर आल्यावर कडेला घेऊन भावाच्या हातात दिली. भावानं सरळ सपाट हायवेवर चौथ्या-पाचव्यात चालवली, मख्खन चालली. परत वळायच्या वेळी पोरगा पुन्हा स्टिअरिंगवर. एक गोष्ट मला तेव्हा दिसली होती, तिचा अर्थ नंतर लागला. तिसऱ्यात असताना त्या पोराचा डावा हात गिअरच्या दांड्यावरून हलत नव्हता. सवय असेल असं वाटलं, कितीतरी ड्रायव्हर तसेच बसतात.

व्यवहार झाला. एक छापील गॅरंटी कार्ड मिळालं, "इंजिन व गिअरबॉक्स 3 महिने". पैसे बँकेतून दिले, पावती घेतली. डिलिव्हरी नोट इंग्रजीत होती. तिच्यात एक ओळ होती, गाडी जशी आहे तशी स्वीकारली. ती आम्ही वाचली आणि विचारली. तो हसून म्हणाला, "ते सगळ्यांच्यात छापलेलं असतं हो, तुम्हाला गॅरंटी कार्ड दिलंय ना." पुढं त्यानं हीच ओळ काढून दाखवली.

पहिल्या काही दिवसांत सकाळी गिअर जड पडायचा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा जणू थांबून विचार करायचा. गाडी तासभर चालली की सुरळीत. यार्डात फोन केला तर, "नवीन गिअर ऑइल टाकलंय, बसेल हळूहळू." नवीन ऑइल टाकलंय हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तो कॉल रेकॉर्ड झालेला आहे. भावाच्या फोनला ती सोय कायम चालूच असते.

मग जूनमध्ये कल्याणच्या मार्केटला माल निघाला. टोमॅटोचे साठ क्रेट, एक क्रेट वीस किलोच्या आसपास, म्हणजे सव्वा टनाच्या आत. ओव्हरलोड नाही. आमच्याकडून कल्याणला जायचं म्हणजे माळशेज उतरायचा. पावसाला नुकती सुरुवात झालेली, घाटात धुकं, रस्ता ओला. अशा ठिकाणी भरलेली गाडी तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात ठेवून इंजिनाच्या दाबावर उतरवतात, नाहीतर ब्रेक तापून बसतात. भावानं तिसऱ्यात ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि खाडकन दांडा न्यूट्रलला आला. गाडी मोकळी सुटली. त्यानं ब्रेक दाबला, रेस देऊन कसाबसा दुसरा टाकला, तो धरला. पुढं टोकावड्यापर्यंत गाडी दुसऱ्यातच रांगत आणली. मी शेजारी होतो. यापेक्षा जास्त त्या उताराबद्दल लिहावंसं वाटत नाही.

गिअर असा का सुटतो, हे पुढं मेकॅनिकनं पार्ट हातात देऊन दाखवलं. गिअर टाकला की स्लीव्ह, म्हणजे आतली सरकती कडी, सरकून गिअरच्या दातांना धरते. ते दात आणि स्लीव्हची आतली धार झिजून गोलसर झाली की पकड कमी होते. इंजिन गाडीला ओढत असतं तोवर ती टिकते. उतारावर उलटं होतं, गाडीच इंजिनाला ढकलते, दातांवरचा दाब विरुद्ध बाजूला येतो आणि स्लीव्ह मागं घसरते. गाडीत वजन जेवढं जास्त तेवढा हा धक्का मोठा. म्हणून रिकामी गाडी सपाट रस्त्यावर कितीही फिरवा, हा दोष बाहेर येईलच असं नाही. त्या पोराचा हात दांड्यावर का होता, ते तेव्हा समजलं. काही गाड्यांमध्ये तर दांड्याला जुन्या ट्यूबचा पट्टा अडकवून सीटखाली बांधलेला सापडतो, तो याच कारणानं.

यार्डवाल्याला लगेच कळवलं. फोनवर सांगितलं आणि व्हॉट्सॲपवरही लिहून टाकलं. त्याचा माणूस आला, गाडीखाली शिरला, "लेव्हल कमी आहे" म्हणून आणखी ऑइल भरून गेला. तिसरा तसाच सुटत राहिला. पुन्हा कळवलं. मग उत्तर यायचं बंद झालं. शेवटी लेखी कळवून, फोनवर शूटिंग चालू ठेवून, आळेफाट्याला गिअरबॉक्स उतरवला.

ड्रेन प्लग काढला तर ऑइल पडेचना. काकवीसारखी तार धरून खाली आलं. या गाडीला 80 डब्ल्यू 90 जाडीचं ऑइल लागतं, पुस्तिकेत तसं लिहिलंय. आत भरलेलं त्याच्यापेक्षा कितीतरी जाड होतं, मेकॅनिकच्या मते 140 चं, आणि त्यात आणखी काहीतरी कालवलेलं. जाड ऑइल दातांमध्ये गादीसारखं बसतं, गुणगुण दाबून टाकतं. पण थंड असताना तेच ऑइल सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या पितळी रिंगेला, काम करू देत नाही, म्हणून सकाळी गिअर जड. आम्ही गेलो तेव्हा गाडी गरम का होती, याचा उलगडा त्या ट्रेमध्ये झाला. ऑइलात पितळेची चमक होती, म्हणजे रिंगा खाल्लेल्या. तिसरा गिअर, त्याची स्लीव्ह, रिंगा, लेशाफ्टची बेअरिंग, सगळं बाद. बाहेरून सगळा बॉक्स मातीनं माखलेला, पण जोडाला मात्र ताजं सिलिकॉन आणि ड्रेन प्लगला कोरा तांब्याचा वॉशर. म्हणजे विकायच्या आधी कुणीतरी बॉक्स उघडून बघितला होता, आत काय आहे ते त्याला कळलं होतं, आणि त्यानं तो तसाच बंद केला होता.

पार्ट, क्लचसेट आणि मजुरी धरून 46 हजार गेले. शिवाय ऐन सीझनला गाडी उभी राहिली, तो हिशोब वेगळा.

यार्डवाल्याची उत्तरं एकापाठोपाठ एक आली. आधी, "तुम्ही ओव्हरलोड केलं." मार्केटची वजनाची पावती पाठवली. मग, "तुम्ही परस्पर खोललं, गॅरंटी गेली." मग कार्डाच्या मागची बारीक अक्षरं, झिजणारे पार्ट गॅरंटीत नाहीत. गिअरबॉक्समध्ये न झिजणारं काय असतं, तर बाहेरचं हौसिंग. आणि सगळ्यात शेवटी, "आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी आमची नव्हतीच. मालकाला विचारा."

विचारलं. आरसी बुकावर नाव होतंच, गावही होतं, दोन ओळखींतून नंबर मिळाला. भला माणूस निघाला. म्हणाला, "बिस्किटं कसली भाऊ, वीटभट्टीला होती गाडी. तिसरा सुटतोय हे मी त्यांना सांगूनच दिली. त्यापोटी त्यांनी माझे 40 हजार कापले." एवढंच नाही, त्या बोलण्याचे व्हॉट्सॲप मेसेज त्याच्याकडं होते, ते त्यानं पाठवले. म्हणजे यार्डानं बिघाडाचे पैसे त्याच्याकडून आधी वळते करून घेतले आणि आम्हाला पुन्हा चांगल्या गाडीचा भाव लावला. माझ्या मते जुनी गाडी घेताना मागच्या मालकाशी एक फोन हा मेकॅनिकपेक्षा मोलाचा. यार्डवाले तो नंबर द्यायला जेवढी टाळाटाळ करतील, तेवढा जास्त.

"मध्यस्थ" या पळवाटेबद्दल थोडं. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, त्याचा फॉर्म 29 बी. मालकानं गाडी डीलरच्या ताब्यात दिली की 29 सी भरून तसं आरटीओला कळवायचं असतं, आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरची. बरीच यार्डं यातलं काही करत नाहीत. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30, त्यांच्यावर मूळ मालकाच्या कोऱ्याच सह्या घेऊन ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळालं की नाव भरतात, म्हणजे कागदावर यार्ड कुठंच नाही. आमचे पैसे यार्डाच्या खात्यात गेले होते, म्हणून आम्हाला धरायला काहीतरी होतं. रोखीत दिले असते तर यार्डाशी आमचा संबंध दाखवणारा कागद म्हणून ते गॅरंटी कार्डच उरलं असतं.

पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, यार्डानं तिला उत्तरच दिलं नाही. मग वकिलामार्फत नोटीस आणि पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत 2 वर्षांची. ऑनलाइनही होते, तेव्हा ई-दाखिलवर होत होती, आता ई-जागृतीवर.

त्यांच्या वकिलाचा पहिला मुद्दा असा, की गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणजे हे ग्राहकच नाहीत. पिकअपवाल्यांनी हे नीट लक्षात ठेवा, हा मुद्दा तुमच्यावरही येणार. 2019 च्या कायद्यात याचं उत्तर आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारातून वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी कारणासाठी घेतली असं धरत नाहीत. पण ते तक्रारीत लिहावं लागतं. आमची ही एकच गाडी, ती आम्ही दोघंच चालवतो, ड्रायव्हर ठेवलेला नाही, हे सगळं वकिलांनी पहिल्याच पानावर घातलंय.

आता गाडी बघायला कुणी मला बरोबर नेलं तर मी सकाळी नेतो, न सांगता, आणि बॉनेटवर हात ठेवून गार आहे का बघतो. चालू करून न्यूट्रलमध्ये ऐकायचं. आवाज येतोय आणि क्लच दाबल्यावर थांबतोय, तर तो गिअरबॉक्सच्या आतला. क्लच दाबल्यावरच सुरू होत असेल तर बहुतेक क्लचचं रिलीज बेअरिंग, तो खर्च त्या मानानं किरकोळ. गिअरबॉक्सच्या बाजूचा, ऑइलची पातळी बघायचा लेव्हल प्लग काढून आत बोट घालायचं, ऑइल दोन बोटांत चोळून उन्हात धरायचं. या प्लगला हात लावू देत नाहीत तिथून मी सरळ निघतो. आणि ट्रायल भरलेल्या गाडीनं, घाटात, आपल्या माणसाच्या हातून. तिसऱ्यात टाकायचं, उताराला पाय काढायचा, दांड्यावरचा हात उचलायचा. यार्डवाले म्हणतात एवढं कुणी करू देत नाही. मंचरच्या एकानं करू दिलं, आणि भावाच्या मेव्हण्यानं गाडी त्याच्याकडूनच घेतली.

आमचे काढलेले पार्ट गोणीत घालून, ऑइलची बाटली सील करून ठेवलीय, आयोगानं तपासणीला मागितली तर असावीत म्हणून. मागच्या मालकानं शपथपत्र दिलंय. ते दाखल झालं आणि यार्डवाल्याचा महिनोन्‌महिने बंद असलेला फोन सुरू झाला. तडजोडीची बोली अशी, की निम्मे पैसे देतो, केस मागं घ्या. नाहीतर पिकअप परत आणा, साडेतीन लाखांत ठेवून घेतो, "आता गिअरबॉक्स नवीन आहे ना, लगेच जाईल." भावानं त्याला एवढंच विचारलं, पुढच्या गिऱ्हाइकाला बिस्किटं सांगणार की टोमॅटो.