बाईल ॲसिड टेस्ट: टेस्टला पूर्ण गुण, रिपोर्टच्या कागदाला निम्मे

सातव्या महिन्यानंतर तळहात-तळपायांना खाज सुटते, रात्री वाढते आणि अंगावर पुरळ नसतं, असतात ते फक्त खाजवल्याचे ओरखडे. अशा वेळी गरोदरपणातला कोलेस्टेसिस, म्हणजे यकृतातून पित्ताचा निचरा अडण्याचा आजार, डोक्यात यायलाच हवा. नुसत्या एलएफटीवर, म्हणजे यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीवर, तो पक्का होत नाही. त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम तर वारेतूनही येतं, त्यामुळे शेवटच्या तिमाहीत ते वाढलेलं दिसलं तरी त्यावरून काहीच ठरत नाही. रक्तातल्या एकूण बाईल ॲसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची, टेस्ट इथे खरी कामाची.

ब्रिटनच्या प्रसूती आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या 2022 च्या मार्गदर्शिकेनुसार उपाशीपोटी न घेतलेल्या नमुन्यात 19 मायक्रोमोल प्रति लिटर किंवा जास्त म्हणजे आजार आहे. 40 पासून मध्यम, 100 पासून तीव्र. या आकड्यावर प्रसूतीची वेळ ठरते: 100 किंवा वर असल्यास 35–36 आठवडे, 40 ते 99 असल्यास 38–39. पोटात बाळ दगावण्याचा धोका ठळकपणे वाढतो तो 100 नंतर. सीटीजी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, चांगला आला म्हणून तो टळला असं होत नाही.

आता रिपोर्टबद्दल. जेवणानंतर आकडा चढतो, तरी बऱ्याच रिपोर्टांवर नमुना कधी घेतला आणि आधी काही खाल्लं होतं का, याचा पत्ता नसतो. संदर्भ मर्यादा छापलेली असते ती बहुधा उपाशीपोटीची, गरोदर नसलेल्यांची. मग 14 आलं की लाल खूण पडते आणि घरचे घाबरतात. नमुना देताना फॉर्मवर आठवडे, शेवटच्या खाण्याची वेळ आणि चालू गोळ्या स्वतः लिहून घ्याव्यात.

गोळ्यांचं विशेष सांभाळा. या आजारात दिलं जाणारं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे स्वतःच एक बाईल ॲसिड आहे, नेहमीच्या एन्झाइम पद्धतीत तेही मोजलं जातं. म्हणून पहिला नमुना गोळी सुरू होण्याआधीचा हवा. नंतरच्या आकड्यांशेजारी डोस आणि सुरू केल्याची तारीख हवीच. या गोळीकडून अपेक्षाही बेताच्याच ठेवा: 2019 च्या पिचेस अभ्यासात बाळाच्या बाबतीत फायदा दिसला नाही, खाज थोडीशीच उतरली.

दुसरी अडचण उशिराची. लॅब नमुने साठवून एकदम लावत असेल किंवा बाहेर पाठवत असेल, तर रिपोर्टला काही दिवस लागतात. 37 व्या आठवड्यात ते परवडत नाही. नमुना देण्याआधीच विचारा. पहिला आकडा नॉर्मल आला आणि खाज टिकून राहिली, तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा करायची, कारण खाज आधी येते, आकडा मागून चढतो.

एक गोष्ट मात्र या टेस्टवर सोडू नये. उलट्या, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, वाढलेलं बीपी किंवा कावीळ असेल तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा आणि प्लेटलेट, लघवीतलं प्रथिन, साखर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), आयएनआर (रक्त गोठण्यासाठी) बघावं. हेल्प सिंड्रोम (रक्तपेशी फुटणं, यकृत बिघडणं आणि प्लेटलेट घटणं) आणि यकृतात चरबी साठण्याचा तीव्र आजार तासांत बिघडतात.

डिस्चार्ज कार्डावर सर्वात जास्त आलेला आकडा तारखेसह लिहून घ्या. बाळंतपणानंतर किमान 4 आठवड्यांनी बाईल ॲसिड आणि एलएफटी पुन्हा करायची. तेव्हाही आकडे उतरले नाहीत, तर यकृताच्या दुसऱ्या आजाराचा शोध घ्यावा लागतो.