पद्मिनीच्या रेडिएटरला नवीन कोअर घातली, त्याला नऊ महिने झाले

गेल्या ऑक्टोबरात पोर्चमध्ये गाडीच्या पुढच्या बाजूखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर रोज सकाळी ताटलीएवढा ओला डाग दिसायला लागला. बोट लावलं तर चिकट, वास गोडसर. म्हणजे इंजिन गार ठेवणारं कूलंटच. बॉनेट उघडून टॉर्च मारला, तर रेडिएटरच्या वरच्या टाकीखाली हिरवट-पांढरी खपली धरलेली.

गाडी 1984 ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. इंजिन तेच जुनं, 1089 सीसीचं. नोव्हेंबरात रेडिएटर उतरवून कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवीन कोअर, म्हणजे वरच्या-खालच्या टाक्यांमधली नळ्या-पत्र्यांची जाळी, घालून घेतली. त्यानंतर 2,800 किलोमीटर झाले. उसाचा हंगाम, ज्योतिबाचे खेटे, मे महिन्याचं ऊन आणि यंदाचा पाऊस असं सगळं बघून झालं, म्हणून आता लिहितो आहे.

आधी काय चुकलं ते सांगतो. गळती थांबवणारं औषध म्हणून दुकानात बाटली मिळते, ती ओतली. पंधरा दिवस डाग दिसला नाही. सोळाव्या दिवशी कावळा नाक्याच्या सिग्नलला तापमानाचा काटा पहिल्यांदाच एवढा वर गेला. गळती बारीक झाली होती, पण गाडी तापायला लागली होती. ते औषध भोकात जाऊन बसतं तसंच ते अरुंद नळ्यांतही बसतं. हळदीचंही तेच. वडिलांनी एकदा निपाणीच्या पुढं रेडिएटर गळायला लागल्यावर ढाब्यावरून दोन चमचे हळद मागून आत घातली होती आणि त्यावर आम्ही घरी पोचलो होतो. आडरस्त्याला अडकलात तर हळद जरूर वापरा, घरी पोचवते. पण पोचल्यावर रेडिएटर धुऊन खरी दुरुस्ती करायची असते. ती आम्ही त्या वेळी केली नाही.

उद्यमनगरातले कारागीर वयानं साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी रेडिएटरची दोन्ही तोंडं रबरी बुचानं बंद केली, वरून हवा दिली आणि अख्खा रेडिएटर हौदात बुडवला. वरच्या पट्टीतून, जिथं नळ्या टाकीला जोडलेल्या असतात तिथून, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सुटली. मग मधल्या दोन नळ्यांतून. मी म्हटलं, “मामा, डाख (सोल्डर) देऊन भागंल का?” ते म्हणाले, “देतो की पाव्हणं, पण चार दिसांत शेजारनं सुटंल. नळ्याच आतनं खाल्ल्यात.”

त्यांनी गॅसच्या ज्योतीनं डाख वितळवून वरची टाकी सोडवली आणि मला आत बघायला लावलं. पाणी तापवायच्या बंबाच्या आत जसा पांढरा थर धरतो, तसाच थर नळ्यांच्या तोंडाशी, आणि त्यावर तपकिरी-पिवळा गाळ. कडेच्या नळ्या तर पार बुजलेल्या. मामांनी एकीत पातळ पट्टी घातली, ती बोटभर जाऊन अडली. कित्येक वर्षं आम्ही बोअरचं पाणी ओतत आलो, त्याचा हा थर. ते बघितल्यावर डाख देऊन वेळ मारून न्यायचा विचार मी सोडला.

दुसरा रस्ताही होता. एका ओळखीच्या माणसानं नव्या छोट्या गाडीचा अल्युमिनियमचा रेडिएटर आणि विजेचा पंखा बसवायला सांगितलं. स्वस्त पडतं, वजनालाही हलकं, आणि अनेकांच्या गाड्या तशा चालतात, हे खरं. पण त्यासाठी ब्रॅकेट कापायचे, होज (रबरी पाइप) वेगळे लावायचे, पंख्यासाठी वायरिंग ओढायचं. शिवाय तो फुटला की बहुतेक फेकूनच द्यावा लागतो. तांब्या-पितळेचा रेडिएटर डाख वितळवून उघडता येतो आणि पुन्हा जोडता येतो. चाळीस वर्षांच्या गाडीसाठी मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आमच्या पितळी टाक्या अजून धडधाकट होत्या, त्या टाकून द्यायचं काही कारणच नव्हतं.

नवीन कोअर, टाक्या साफ करणं, परत हौदात तपासणी आणि काळा रंग असं मिळून साडेसहा हजार झाले. काम तीन दिवसांचं. जुनी कोअर तांब्या-पितळेची असते आणि भंगारात तिला भाव येतो, तेव्हा ती तुमची की कारागिराची हे आधीच बोलून घ्या. नळ्यांच्या रांगा होत्या तितक्याच ठेवल्या. नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे फिन्स, जास्त दाट नकोत असं मामांनीच सुचवलं, आणि त्याचं कारण मला महिन्याभरात कळलं.

आपल्याकडं हंगाम सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कळे, साळवणच्या बाजूला गेलं की त्यांच्या मागं रांगत जावं लागतं आणि पाचटाचा भुगा सरळ ग्रिलमधून आत येतो. डिसेंबरअखेरीस बघितलं तर फिन्सवर पाचटाची चटईच बसलेली. फिन्स दाट असत्या तर तो भुगा निघाला नसता. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला मारायचं आणि तेही बागेच्या पाइपानं, सावकाश. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या धारेनं फिन्स आडव्या होतात. हंगामात मी दर पंधरा दिवसांनी हे करतो.

आता कूलंट. हा भाग मनापासून सांगतो, कारण आमचा जुना रेडिएटर इथंच मेला. पद्मिनीच्या इंजिनचा खालचा ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि डाख शिसं-कथलाचा. इतके धातू एकाच पाण्यात असले की त्यांच्यात बॅटरीसारखी क्रिया होते आणि जो कमजोर, तो झिजतो. कूलंटमधली गंजरोधक रसायनं हे थांबवतात, म्हणून थंडी नसली तरी कोल्हापुरात कूलंट हवंच. मी साधं हिरवं इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं वापरतो. ती रसायनं संपत जातात, तेव्हा दोन वर्षांनी सगळं बदलायचं. आणि काढलेलं कूलंट गटारीत किंवा अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. लहान मुलं असतील तर कॅन कुलपात ठेवा.

गाडी कशी चालते? माघातल्या खेट्याच्या रविवारी केर्लीच्या पुढं चढावर पाऊण तास गर्दीत अडकलो. पहिल्या गिअरमध्ये थोडं चाल, परत थांब. काटा मध्याच्या जरा वर गेला आणि तिथंच थांबला. मे महिन्यात भर दुपारी घरचे पाचजण घेऊन पन्हाळा चढलो. वाघबीळच्या पुढच्या चढावर पूर्वी आम्ही नेमानं गाडी थांबवायचो, या वेळी थांबलो नाही. आईच्या ते लगेच लक्षात आलं. जुलैत पावसात गगनबावड्याला जाऊन आलो, तेव्हा काटा मध्यापर्यंतही गेला नाही.

तक्रारही आहे. पाचव्या महिन्यात रेडिएटरच्या कॅपच्या (झाकणाच्या) तोंडाशी, जिथं जादा पाण्याची बारीक नळी जोडलेली असते, तिथं परत ओल आली. मामांनी बघितलं, डाख नीट धरला नव्हता. पैसे न घेता दुरुस्त करून दिलं, पण रेडिएटर परत उतरवायचा, भरायचा, यात माझा अख्खा दिवस गेला. त्याच वेळी त्यांनी मला रेडिएटरखालची रबरं दाखवली. ती दगडासारखी कडक झाली होती. इंजिनचा आणि रस्त्याचा सगळा हादरा थेट रेडिएटरला बसत होता आणि डाखाला अशानंच तडा जातो. नवीन रबरं किरकोळ पैशात येतात. ती मी पहिल्याच दिवशी बदलायला हवी होती.

कॅपबद्दलही सांगायला हवं. एका दुकानदारानं 0.9 (बार दाब) लिहिलेली, नव्या गाड्यांची कॅप दिली. तोंडाला बसते, म्हणून चालते असं त्याचं म्हणणं. कॅपचा दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं हे बरोबर, पण तो दाब जुन्या टाकीच्या जोडावर आणि होजवर येतो. ती परत केली आणि गाडीच्या पुस्तकात दिलेल्या दाबाची शोधून आणली. कॅप गरम असताना कधीही उघडायची नाही, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. अल्युमिनियमचं हेड तडकलं, तर खर्च रेडिएटरच्या कितीतरी पट होतो.

कूलंट भरताना टाकी काठोकाठ भरू नका. माझ्या गाडीला जादा कूलंटसाठी वेगळी बाटली नाही, त्यामुळं तापल्यावर फुगलेलं कूलंट बारीक नळीतून खाली पडतं आणि परत गळती लागली की काय असं वाटतं. दोन बोटं जागा सोडली की पडत नाही.

जुना पुठ्ठा मी अजून गाडीखाली अंथरतो. ऑक्टोबरचा गोल डाग त्यावर तसाच आहे. त्याच्या शेजारी जूनमध्ये एक नवा ठिपका पडला, तो काळा होता, म्हणजे ऑइलचा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाचं, गॅस्केट आता दिवाळीआधी बघायचं.