ओपनवेबस्टार्ट आणि घरी बनवलेली डायनॅमिक जेएनएलपी: नऊ महिन्यांनंतर, एका एचरेफपायी

मसूर शाखेच्या पेटीत १ लाख ८४ हजार जास्त आणि कराडच्या मुख्य कार्यालयात बरोब्बर तेवढेच कमी, त्या एका संध्याकाळमुळे हा रिव्ह्यू लिहितोय. नाहीतर फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायला वेळ कोणाला आहे.

वेब स्टार्ट म्हणजे लिंकवर क्लिक केलं की सर्व्हरवरचं जावा ॲप उतरवून चालू करणारी सोय, आणि काय कुठून आणायचं ते सांगणारी छोटी एक्सएमएल फाइल म्हणजे जेएनएलपी. आमची पतसंस्था, ९ शाखा, स्विंगमधलं (जावाची खिडक्या-बटणांची लायब्ररी) जुनं ॲप. सर्व्हरवर जार, म्हणजे ॲपच्या कोडच्या फाइली, शाखेत लिंकवर क्लिक, संपलं. जावा ९ मधे (२०१७) वेब स्टार्ट डेप्रिकेट झालं, म्हणजे पुढे काढणार असं जाहीर झालं, आणि ११ मधे (२०१८) काढूनच टाकलं, तरी आम्ही जुन्या जावा ८ वर रेटत होतो. मग नवीन मशीन्स आली, त्यांच्यावर काय टाकायचं हा प्रश्न. ओरॅकलचं २०२३ पासूनचं सबस्क्रिप्शन माणसांच्या डोक्यावर आहे, म्हणजे जावा वापरणारे नाही, सगळे कर्मचारी मोजायचे, शिपाईसुद्धा. छोट्या संस्थेला लिस्ट प्राइस डोक्यामागे महिना १५ डॉलर. आमची ६० माणसं, ९०० डॉलर, महिन्याला पाऊण लाख. हा आकडा संचालकांच्या मीटिंगमधे सांगायची माझी छाती नव्हती, चहाचं बिल जरा वाढलं तरी तिथे अर्धा तास चर्चा होते. ओपनजेडीके, म्हणजे जावाची ओपन सोर्स आवृत्ती, फुकट आहे पण त्यात वेब स्टार्ट कधी नव्हतंच.

तर ओपनवेबस्टार्ट. कराकुन नावाच्या स्विस कंपनीने आइस्डटी-वेब या वेब स्टार्टच्या जुन्या ओपन सोर्स पर्यायाच्या पायावर उभं केलेलं, ओपन सोर्स. इन्स्टॉल करा, जेएनएलपी फाइल त्याला जोडा, जावा कुठलं पाहिजे ते तो बघतो. इन्स्टॉलबद्दल तक्रार शून्य. आमचं सर्टिफिकेटसुद्धा घरचंच आहे, विकतचं घेतलेलं नाही, ते प्रत्येक मशीनवर एकदा ट्रस्ट करून टाकलं की परत विचारत नाही.

जेएनएलपी मात्र मी डायनॅमिक केली, म्हणजे तयार फाइल न ठेवता मागणी आली की सर्व्हरने बनवून द्यायची. कारण साधं आहे. ९ शाखांसाठी ९ फाइली ठेवायच्या आणि प्रत्येक रिलीजला ९ ठिकाणी जारचं नाव बदलायचं हे मी दोन वर्षं केलंय आणि दरवेळी एक शाखा विसरलोय. जेडीकेच्या सॅम्पलमधे पूर्वी एक डाउनलोड सर्व्हलेट (सर्व्हरवर चालणारा छोटा जावा प्रोग्राम) यायचं, फाइलमधे दोन डॉलरची चिन्हं आणि कोडबेस (जार जिथून आणायच्या तो पत्ता) लिहिलं की ते पत्ता भरून द्यायचं, पण मला शाखा क्रमांक आणि हीप (ॲपला किती मेमरी द्यायची ते) पण भरायची होती, म्हणून सरळ जेएसपी, म्हणजे दरवेळी नवं पान बनवून देणारी फाइल, लिहिली. शाखा सात मागितली की आर्ग्युमेंटमधे सात. पाटणला २ जीबी रॅमची डबडी आहेत तिथे हीप २५६ एमबी, बाकीच्यांना १ जीबी. हे ज्या दिवशी चाललं त्या दिवशी मी खरंच खूश होतो, पाटणचा फोन आठवडाभर आला नाही हे माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडलं.

सुरुवातीची किरकोळ दुखणी पटकन सांगतो. जेएसपीच्या वरच्या डायरेक्टिव्हमागे एक मोकळी ओळ राहते, एक्सएमएलच्या पहिल्या ओळीआधी काहीही आलं की पार्सर ओरडतो, जेएसपी २.१ पासून ट्रिम डायरेक्टिव्ह व्हाइटस्पेस असा पर्याय आहे तो लावा. कंटेंट टाइप जेएनएलपीचाच द्या. आणि पुढे प्रॉक्सी (मागण्या आत पोचवणारा मधला सर्व्हर) बसवून एचटीटीपीएस केलंत तर कोडबेस रिक्वेस्टमधून काढू नका, टॉमकॅटला (जेएसपी चालवणारा सर्व्हर) बिचाऱ्याला आतला ८०८० पोर्टच दिसतो, तो तोच पत्ता छापतो आणि शाखेतून तिथे जाता येत नाही. फॉरवर्डेड हेडर वाचायला लावा नाहीतर सरळ कॉन्फिगमधे पत्ता लिहून मोकळे व्हा, मी दुसरं केलं.

आता मुद्दा. एचरेफ.

जेएनएलपीच्या सगळ्यात वरच्या टॅगमधे एचरेफ म्हणून एक ॲट्रिब्यूट असतं, ही फाइल मुळात कुठे राहते तो पत्ता. ऑप्शनल आहे. मी आधी दिलंच नव्हतं आणि पाच महिने सगळं सुरळीत. मग शाखेतून मागणी आली, साहेब डेस्कटॉपवर आयकॉन द्या की. आता आयकॉनवर क्लिक केल्यावर फाइल कुठून आणायची ते लाँचरला, म्हणजे ओपनवेबस्टार्टला, कळायला पत्ता पाहिजे, म्हणजे एचरेफ पाहिजे. मी शुक्रवारी संध्याकाळी तेवढं एक ॲट्रिब्यूट टाकलं. जेएसपीचं नाव लिहिलं, प्रश्नचिन्ह आणि शाखा क्रमांक लिहायचा राहिला. शुक्रवारी संध्याकाळी. कोणी करतं का असं?

सोमवारी काय झालं बघा. मसूरच्या मॅडमनी लिंकवर क्लिक केलं, ब्राउझरने शाखा सातची फाइल उतरवली, अगदी बरोबर फाइल. लाँचरने ती उघडली, एचरेफ पाहिला आणि म्हणाला ही तर प्रत आहे, मूळ आणतो, आणि सर्व्हरकडे स्वतः परत गेला. या दुसऱ्या वेळी शाखा क्रमांक नाही. नसेल तर डिफॉल्ट एक, हेही माझंच शहाणपण. एक म्हणजे मुख्य कार्यालय. दिवसभर मसूरची पिग्मी, ठेवी, कर्जाचे हप्ते सगळं कराडच्या रोजकीर्दीत. संध्याकाळी कॅश टॅली होईना, कराडच्या कॅशियरने नोटा तीनदा मोजल्या, चौथ्यांदा मोजताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते. रात्री साडेअकरापर्यंत व्हाउचर फिरवत बसलो.

त्या रात्री मी याला २ स्टार देणार होतो. फाइल हातात दिलीय ना, मग परत कशाला आणतोस बाबा? सांगितलेलं काम कर. आणि हे फक्त ओपनवेबस्टार्टचं नाही, जुनं ओरॅकलवालं लाँचर, जावाडब्ल्यूएस, पण हेच करायचं.

मग चिडून दुसरा उद्योग केला. म्हणलं पत्त्यात एकदाच चालणारं टोकन घालू, सर्व्हर टोकनवरून शाखा ओळखेल. पहिल्या रिक्वेस्टला ब्राउझरने टोकन वापरलं, दुसऱ्या रिक्वेस्टला लाँचर आला तर टोकन संपलेलं. कुकीवरून ओळखू म्हणलं तर ब्राउझरची कुकी लाँचरकडे नसतेच, ते दोघं वेगळे, त्याला लॉगिनचं पान मिळालं आणि त्याने एचटीएमएलला एक्सएमएल समजून पार्स करायचा प्रयत्न केला. दोन दिवस यात गेले. शेवटी जेवणाच्या सुट्टीत एचरेफच काढून टाकला, आयकॉन गेला तर गेला.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, पोस्ट करायचं राहिलं, आणि बरं झालं राहिलं. कारण पुढच्या आठवड्यात उंब्रजचा फोन आला, ॲप उघडत नाही. टीमव्ह्यूअर लावून बघितलं तर डाउनलोड्स फोल्डरमधे त्याच फाइलच्या ३१ प्रती, कंसात १, कंसात २ करत. क्रोम जेएनएलपी उघडत नाही, उतरवतो, आणि वर ही फाइल ठेवायची का म्हणून विचारतो. त्यामुळे तिथल्या क्लार्कने लिंकवर जाणंच सोडलं होतं, फोल्डर उघडून हाताला लागेल ती प्रत डबल क्लिक. आणि ती प्रत दोन रिलीज जुनी, त्यात ज्या जारचं नाव होतं ती मी सर्व्हरवरून उडवलेली. एचरेफ असता तर लाँचरने जुनी प्रत बाजूला ठेवून ताजी आणली असती आणि मला फोनच आला नसता. म्हणजे ज्या गोष्टीला मी शिव्या देत होतो ती नेमकी याच्यासाठीच आहे. जेएनएलपी ही पावती नाही, पत्त्याची चिठ्ठी आहे, आणि मी ती पावतीसारखी छापत होतो. २ स्टार मागे घेतले.

आता जे चाललंय ते असं. शाखा क्रमांक प्रश्नचिन्हामागे नाही, पत्त्याच्या आतच. लाँच, मग तिरकी रेघ, मग ०७, मग फाइलचं नाव. जेएसपी काढून सर्व्हलेट केलं, लाँचखालचे सगळे पत्ते त्याच्याकडे, आणि ज्या पत्त्यावरून मागणी आली अगदी तोच एचरेफमधे परत छापायचा. प्रश्नचिन्ह वापरायचंच असेल तर अँपरसँड एक्सएमएलमधे एस्केप करायला विसरू नका, पण कशाला वापरता. डिफॉल्ट शाखा काढली, क्रमांक नसेल तर ४०४, म्हणजे पान नाही असा एरर. टोकन फाइलमधून हद्दपार, लॉगिन ॲपमधेच, आणि युजरची शाखा नि फाइलमधली शाखा जुळली नाही तर ॲप उघडतच नाही. हे शेवटचं पहिल्या दिवशी करायला हवं होतं, मान्य आहे, कराडच्या कॅशियरने पण तेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत.

त्यानंतर चार महिने झाले. डेस्कटॉप आयकॉन सगळ्या शाखांत आहेत, डाउनलोड्सचा ढीग तसाच आहे पण या बदलानंतरची कुठलीही प्रत दाबली तरी ताजंच उघडतं. खर्च शून्य रुपये, माझे जागरणाचे तास सोडून, ते तसेही कोणी मोजत नाही. ४ स्टार. एक कापला कारण सेटिंगची खिडकी कॅशियरच्या हातात पडली की तो त्यात काहीतरी दाबतोच.

तुमच्याकडे असलं काही असेल तर आजच सर्व्हरचा ॲक्सेस लॉग उघडा आणि एका क्लिकला जेएनएलपीच्या किती ओळी येतात ते बघा, एक ब्राउझरची आणि तिच्यामागे लाँचरची, दोन्हीकडे पत्ता अक्षरन् अक्षर सारखा पाहिजे. आमच्याकडे ढेबेवाडीच्या एका मशीनवरून ब्राउझरच्याच दोन ओळी येतात, म्हणजे तिथे कोणीतरी लिंकवर अजून डबल क्लिक करतंय. शनिवारी जाणार आहे तिकडे.