गाडीच्या पीपीएफचे फुगे: घरी बघावं की दुकानात न्यावं?

"मामा, हेअर ड्रायर फिरवू का?" नव्या गाडीला पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, लावून चारच दिवस झालेत, आणि भाचा बॉनेटवरचे फुगे मोजतोय.

आधी बोटाने दाब. फुगा सरकला तर आत पाणी आहे. ते बहुधा काही आठवड्यांत सुकतं. हवेचा फुगा जागचा हलत नाही.

खर्च? घरी जवळपास शून्य, पण वॉरंटी असेल तर दुकानातही बहुतेक तेवढाच. मग फुग्याला सुई टोचून वॉरंटी कशाला घालवायची?

फिल्मची कड सुटली असेल, तर घरी की दुकानात हे दुरुस्ती किती टिकेल यावर ठरतं. घरी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोमट करून दाबली तर बसते. गोंदात धूळ गेली असेल तर पुन्हा उचलते. दुकानवाला तेवढी कड कापतो, नाहीतर तुकडाच बदलतो.

पाण्याचे फुगे, नखभर स्वच्छ कड: घरीच. हवा, धूळ, सुरकुती: दुकान.