कोल्हापूरच्या तेरा खोल्या

मी लातूर जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आमच्या संघटनेचं अधिवेशन कोल्हापूरला होतं, शनिवार-रविवार असं दोन दिवस. आमच्या तालुक्यातून ३८ जणी निघणार होत्या. जेवण आणि मंडप यजमान जिल्ह्याकडे, मुक्कामाची सोय ज्याची त्याने करायची, असं पत्रकातच छापलं होतं. एसटीचा प्रासंगिक करार, म्हणजे पूर्ण गाडी भाड्याने ठरवायचं काम, एका सिस्टरने अंगावर घेतलं आणि खोल्यांचं काम माझ्याकडे आलं. खोलीसाठी एकेकीचे १,००० रुपये माझ्या खात्यात जमा होत होते. त्यात काही कंत्राटी सिस्टर होत्या. दोघींनी तर पगार व्हायच्या आधी उसने घेऊन दिले होते. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं मला त्यामुळेच जास्त लागलं.

डिसेंबरातला शनिवार-रविवार म्हणजे कोल्हापुरात अंबाबाई आणि जोतिबाचे भाविक, शाळांच्या सहली आणि लग्नाची वऱ्हाडं, सगळं एकदमच. मी महाद्वार रोड, स्टेशन रोड, ताराबाई पार्क मिळून आठ-नऊ लॉजना फोन केले. तिघींच्या खोलीला २,००० च्या खाली कुणी बोलेना आणि तेरा खोल्या एका जागी कुणाकडेच नव्हत्या. बायकांना चार ठिकाणी विखरून ठेवायला मन घेत नव्हतं. शेवटी मोबाईलच्या नकाशावर भवानी मंडपापासून चालत जाता येईल असं एक हॉटेल सापडलं. फोटो चांगले होते, लोकांचे अभिप्राय चांगले होते, तिथेच नंबर होता. मी तो लावला.

फोन उचलणारा अतिशय अदबीने बोलला. किती जणी, कोणत्या तारखा, कसलं अधिवेशन, गाडी किती वाजता पोहोचणार, सगळं त्याने विचारलं आणि मी सांगत गेले. हे माझ्या नंतर लक्षात आलं: त्याने स्वतःहून हॉटेलबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. माझीच माहिती त्याने मला फिरवून ऐकवली आणि मला वाटलं, माणसाला सगळं ठाऊक आहे. १,२०० रुपये खोली, नाश्ता धरून, जादा गादी फुकट. "लेडीज ग्रुप आहे मॅडम, पूर्ण दुसरा मजला तुम्हालाच देतो." या एका वाक्याने मी विरघळले. मला नेमकं हेच हवं होतं.

दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर हॉटेलच्या नावाचं कोटेशन आलं. दोन रात्रींचे ३१,२००, त्यावर १२ टक्के जीएसटी ३,७४४, एकूण ३४,९४४. निम्मे १७,४७२ दुपारी दोनच्या आत भरा, नाहीतर सांगलीचं एक वऱ्हाड थांबलेलं आहे, त्यांना मजला द्यावा लागेल. तेव्हा माझं लसीकरणाचं सत्र चालू होतं. एका हातात बाळाचं कार्ड, दुसऱ्या हातात फोन. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा पडद्यावर हॉटेलचं नाव न येता एका माणसाचं नाव आलं. मी विचारलंही. "आमचे अकाउंटंट आहेत, मॅडम." मी पिन टाकला.

खरी मेख पुढे होती. पाच मिनिटांत फोन आला, की पैसे आले, पण तुम्ही बुकिंग नंबर न लिहिता पाठवलेत, सिस्टीम घेत नाही. तीच रक्कम नंबर लिहून पुन्हा पाठवा, पहिली आपोआप परत जाते. आता वाचताना कुणालाही वाटेल, इतकं कसं कळलं नाही? पण त्या क्षणी डोक्यात एकच होतं: १७,००० तिकडे अडकलेत, ते दुसऱ्यांचे आहेत, काहीही करून सोडवायचे. अडकलेला पैसा सोडवायला माणूस आणखी पैसा घालतो, आणि ते लोक नेमकं याच घाईवर जगतात. मी पुन्हा १७,४७२ पाठवले. मग तो म्हणाला, आता दोन्ही एकत्र परत करायचे तर फाईल क्लोज करायला पूर्ण ३४,९४४ एकदा टाका. तेव्हा शेजारी बसलेली आशाताई म्हणाली, "सिस्टर, परत द्यायला कुणी पैसे मागतं का?" माझे हातपाय गार पडले.

आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. चार तास कुणालाच बोलले नाही. त्याला फोन लावत राहिले, तो "प्रोसेसमध्ये आहे" म्हणत राहिला, मग फोन बंद झाला. घरी सांगायची लाज, मैत्रिणींना सांगायची त्याहून जास्त. संध्याकाळी मुलाने माझा चेहरा बघून विचारलं आणि त्यानेच १९३० वर फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाईन नंबर आहे. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि बँक त्यांनी विचारली आणि समोरचं खातं गोठवण्याचा निरोप लगेच गेला. त्या खात्यात तोवर ८,४०० रुपये उरले होते, तेवढेच गोठले. बाकीचे दुपारीच पुढच्या खात्यांत जाऊन एटीएममधून निघाले होते. दुपारी तीनलाच फोन केला असता तर किती वाचले असते, हा हिशोब मी अजून करते. ते ८,४०० सुद्धा नंतर कोर्टात अर्ज केल्यावर हातात आले.

तक्रारीनंतर आठवड्याने आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, सोडवायला दहा टक्के फी भरा." तो मी ठेवून दिला. एकदा फसलेल्याला हे लोक पुन्हा गाठतात.

त्या कोटेशनमध्ये सगळं दिसत होतं, मी बघितलं नव्हतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याने जुना १२ टक्के लावला होता. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. त्यावर ०८ होतं, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता कुठलाही नंबर टाकून तो कोणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. दोन मिनिटांचं काम होतं.

मैत्रिणींना मी बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. कुणी एक शब्द बोललं नाही, उलट पुन्हा वर्गणी काढायला निघाल्या. मी नको म्हटलं आणि माझी आवर्त ठेव मोडली. अधिवेशनाला आम्ही एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो, न्हाणीघरासाठी पहाटे चारपासून रांग लावून. साठीला आलेल्या एका बाईंची कंबर धरली, ते मला फार लागलं.

रविवारी मी त्या हॉटेलवर गेले. हॉटेल खरंच होतं. मालकांनी बिलबुक दाखवलं: ०२३१ ने सुरू होणारा लँडलाईन आणि २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर. नकाशावरचा त्यांचा नंबर कुणीतरी परस्पर बदलला होता. तिथे "दुरुस्ती सुचवा" म्हणून कुणीही करू शकतो. ते दुरुस्त करायचे, आणि पंधरवड्यात पुन्हा बदलायचा. आम्ही बोलत असतानाच नागपूरचं एक कुटुंब मोबाईलवरचं बुकिंग दाखवत आत आलं, दोन लहान मुलं, सामान रिक्षातून उतरवलेलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या बाईंना बाजूला घेतलं, पैसे कधी पाठवले ते विचारलं आणि तिथूनच १९३० लावून दिला.